शंका आणि प्रार्थना : पंडिता रमाबाई

मद्रासहून पश्चिमेकडे निघणारा लोहमार्ग पेरांबूर, अंबत्तूर, आवडी अशी स्थानके मागे टाकीत अरक्कोणमला पोहोचतो. १८५६ मध्ये या मार्गावर पहिली गाडी धावली आणि १८७१ मध्ये रायचूर येथे तो मुंबईकडून येणाऱ्या मार्गाला जोडला गेला. अंबत्तूरच्या फलाटावर न थांबता धडधडत निघून जाणाऱ्या मुंबईच्या गाडीतून कितीएक मराठी कुटुंबे सुट्टीत गावी जातात. वाटेत रेणिगुंटा लागते, तेथून तिरुपती अगदी जवळ. पुढे रायचूर येते. सोलापूर, दौंड ओलांडले की पुण्याच्या अलीकडे केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक खिडकीतून क्षणभर दिसते. एका मराठी स्त्रीचे सर्वांत मोठे दुःख आणि सर्वांत मोठे कार्य याच मार्गावर घडले. तिरुपतीच्या रानाजवळ तिने वडील गमावले, रायचूरला आई गमावली, आणि केडगावला तिने सुमारे दोन हजार निराधार स्त्रिया व मुले यांचे घर उभे केले. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना, शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले, आणि स्त्रीलाही ही विद्या यावी हा विचार त्यांच्या मनात कायमचा घर करून बसला. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. धर्ममार्तंडांनी त्यांना जाब विचारला तेव्हा शास्त्राधार काढून दाखवण्याइतकी त्यांची तयारी होती. तरीही लोकांची नाराजी टळली नाही, आणि अखेर त्यांनी अरण्यात वस्ती केली. आतिथ्य आणि दानधर्म यांत होती ती मालमत्ता संपली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने तीर्थयात्रेची वाट धरली. वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावर वाहून नेलेले ते मूल पुढे आयुष्यभर कोठे ना कोठे प्रवासच करीत राहिले.

आई पहाटे, पक्षी जागे होण्याच्या सुमारास, रमाला मांडीवर घेऊन उठवी आणि पाठ देई. दिवसा यात्रेकरूंची, पाण्याची, चुलीची कामे; शिकण्यासाठी उरत असे ती पहाटच. या शाळेला भिंती नव्हत्या, पाटी नव्हती, पुस्तकेही मोजकीच होती. पंधराव्या वर्षापर्यंत भागवताचा फार मोठा भाग रमाला मुखोद्गत झाला. मराठी ही घरची भाषा. कानडी, हिंदी आणि पुढे बंगाली या भाषा वाटेवर शिकल्या गेल्या. वडील, आई, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमा अशी पाच माणसे देवळांत पुराण सांगत आणि मिळेल त्यावर निर्वाह करीत. हाताने मजुरी करावी, एखादा धंदा शिकावा, हा विचार त्या घराच्या परंपरेत बसणारा नव्हता. या अभिमानाची किंमत त्यांना फार जबर द्यावी लागली, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच स्पष्टपणे लिहिले आहे.

दक्षिणेत दुष्काळाची वर्षे सुरू झाली. पुराण ऐकायला माणसे येईनात, आली तरी त्यांच्यापाशी द्यायला काही नसे. या संकटात कुटुंबाने काय केले, तर अधिक कडक उपासना केली. उरलेले सोनेनाणे, भांडी, वस्त्रे विकून ब्राह्मणांना दाने दिली, देवांना नैवेद्य दाखवले, व्रते केली, जप केले. शास्त्रांत जे जे सांगितले ते ते सर्व यथासांग पार पडले. उत्तर आले नाही. तिरुपतीच्या परिसरात पोहोचेपर्यंत विकण्यासारखे काहीही उरले नव्हते. तेथील रानात पाने, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी अकरा दिवस आणि अकरा रात्री काढल्या. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. पवित्र जलात देह ठेवावा असे त्यांनी ठरवले. त्या वेळी श्रीनिवास पुढे झाला. जातीचा आणि विद्येचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरी करू आणि सर्वांना जगवू, असे त्याने वडिलांना विनवले. कुटुंब रानाबाहेर पडले, परंतु उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत, १८७४ मध्ये, शास्त्रीबुवांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले, सन्मार्ग सोडू नकोस असे बजावले आणि तिला ईश्वराच्या हाती सोपवले. अंत्यविधीसाठी खांदा देणारे कोणी मिळेना, म्हणून श्रीनिवासने वडिलांचे शव धोतरात बांधून एकट्याने दोन मैलांवर वाहून नेले.

काही आठवड्यांनी रायचूरला आईची पाळी आली. तापात ती अन्न मागत होती. रमा शेजारच्या एका ब्राह्मण स्त्रीच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. हजारो श्लोक अस्खलित म्हणणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून तेथे एक शब्द फुटेना. त्या माउलीने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखले आणि तुकडा हातावर ठेवला. रमा धावत परत आली. पण आईला तो घास घेण्याची शुद्ध राहिली नव्हती. आईलाही नेण्यासाठी माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. भावाबरोबर रमानेही तिरडी उचलली, आणि ती उंचीने लहान असल्याने आपल्या वाट्याचा भार तिला खांद्यावर न घेता डोक्यावर घ्यावा लागला. पुढे बहीणही पटकीने गेली.

मग भाऊ आणि बहीण अशी दोघेच उरली. पायी चालत हजारो मैल त्यांनी पालथे घातले. पंजाब, काश्मीर, राजपुताना. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डा केला आणि त्यात अंग घालून, वर वाळू ओढून रात्र काढली. या वाटचालीत त्यांच्या मनातला जुना विश्वास कणाकणाने झिजत गेला. ज्या तीर्थांचे माहात्म्य ती लोकांना सांगत, त्या तीर्थांवर त्यांनी डोळसपणे पाहिले आणि शंका घेतली. तरीही देव नाहीच, असे म्हणण्यापर्यंत ही शंका गेली नाही. ज्याला हाक मारली तो हा नव्हे. मग तो कोण, एवढाच प्रश्न उरला. हा प्रश्न रमाबाईंची पुढची पन्नास वर्षे समजून घेण्याची किल्ली आहे.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वर्तमानपत्रांत तिचे नाव गाजू लागले. याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. एका घरी जमलेली मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून काही पुटपुटत होती. खुर्चीची पूजा करणारा हा कोणता पंथ, असे त्या बहीणभावांना वाटले! भेट मिळालेले संस्कृत बायबलही त्यांना दुर्बोध वाटले. विनोदाचा हा प्रसंग रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने नोंदवला आहे. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली आणि वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीने वेद वाचू नये अशा संस्कारात वाढलेल्या रमाबाईंना ते दडपण झुगारायला थोडा वेळ लागला. धर्मशास्त्रे मुळातून वाचली तेव्हा तर शंका अधिकच वाढली. इतर प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ स्त्रियांच्या हीनतेबाबत मात्र एकमताने बोलतात, असे त्यांना दिसून आले.

१८८० मध्ये ढाक्याला श्रीनिवास आजारी पडला. आपल्यामागे बहिणीचे काय होईल, ही एकच काळजी त्याला छळीत होती. तुझी आणि माझी काळजी घेणारा देवाशिवाय कोण आहे, असे रमाबाईंनी त्याला समजावले, आणि तेवढ्या शब्दांनी त्याचे मन शांत झाले. गंमत अशी की त्या क्षणी कोणत्याही धर्माच्या देवावर त्यांचा ठरावीक विश्वास उरलेला नव्हता. देव आपल्या जवळ आहे असे त्या एकाकीपणात आपल्याला वाटले, असे मात्र त्यांनी नमूद केले आहे. विश्वास पक्का झाल्यावर प्रार्थना सुरू होते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रमाबाईंच्या बाबतीत क्रम अनेकदा उलटा राहिला.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय. त्या काळी हे धाडस किती मोठे होते याची आज कल्पना करणे कठीण. सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचा मृत्यू झाला. संसार दोन वर्षेही टिकला नाही.

तेवीस वर्षांची ती विधवा कडेवर मूल घेऊन पुण्याला आली. १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्री धर्मनीति’ हे पुस्तक निघाले, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांनी आयोगाला ठासून सांगितले. पुण्यातच नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, त्यांना भेटत. काशीतील पांडित्याच्या परंपरेत वाढलेले हे मराठी गृहस्थ १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते. मोठे तर्कपटू, ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ पुस्तके लिहिणारे. आणि तरीही आयुष्यभर स्वतःच्या शंकांनी हैराण. दुसऱ्याला पटवून देणारा माणूस रात्री स्वतःच प्रश्नांशी झुंजत बसे. रमाबाईंवर ज्यांच्या लिखाणाचा निर्णायक प्रभाव पडला ते असे संशयग्रस्त गुरू होते, ही बाब त्यांच्या चरित्रकारांनी जितकी ठळक करायला हवी होती तितकी केलेली नाही.

वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथे अत्यंत दुःखद मृत्यू झाला आणि रमाबाई मनाने पार खचल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेतही सोडावा लागला. लंडनमध्ये त्या भगिनींनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना जवळ करणारा धर्म कोणता, हे विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची कथा सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पण बाप्तिस्मा देणाऱ्यांनाही या शिष्येने सुखाने झोपू दिले नाही. चेल्टनहॅम येथे शिकत आणि शिकवत असताना त्यांचा भगिनी जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार चालला. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही. येशूचे देवत्व ज्या रीतीने सांगितले जाते ते मान्य नाही. चमत्कारांबद्दल प्रश्न आहेत. एवढ्या शंका असताना धर्मगुरू सांगतात म्हणून गप्प बसणे आपल्या विवेकाला मानवत नाही, असे त्या स्पष्टपणे कळवीत. मुलग्यांच्या वर्गाला शिकवणे स्त्रीला योग्य नव्हे असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. एका अधिकाराच्या कचाट्यातून सुटले ते दुसऱ्याच्या मुठीत जाण्यासाठी नव्हे, असा त्यांचा बाणा होता. जेराल्डिनबाईंना हा गर्व वाटला. बीलबाईंनी मात्र शंका ऐकून घेतल्या, आपल्या परीने उत्तरे दिली आणि दार उघडे ठेवले. शिकवणाऱ्या व्यक्तीने या दोन प्रतिसादांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. या सर्व काळात रमाबाईंनी प्रार्थना सोडली नाही, आणि प्रश्न विचारणेही सोडले नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचे. पुढच्या वर्षी त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक गाजले आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी दहा वर्षे साहाय्य देणारी मंडळी उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. हिंगण्याच्या कार्याचा एक धागा असा शारदा सदनापर्यंत पोहोचतो. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात हे ऋण पुरेशा मोकळेपणाने मान्य व्हायला फार काळ लागला.

सदन पुण्यास आल्यावर वादळ उठले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. दार लावून घेत नसत. मुली कुतूहलाने येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. रानड्यांसारख्या माणसाची कुचंबणा खरी होती, पालकांची भीतीही खोटी म्हणता येत नाही. ज्या विश्वासाने त्यांनी लेकी पाठवल्या होत्या त्याला तडा गेला असे त्यांना वाटले. रमाबाईंचे म्हणणे असे की दुसरी एखादी स्त्री आपल्या घरात मोकळ्या दाराने देवपूजा करू शकते, तर आपल्यालाच दार बंद करण्याची सक्ती का. या प्रश्नाचे सर्वांना पटेल असे उत्तर तेव्हा निघाले नाही.

बाहेर हा गदारोळ चालू असतानाच त्यांच्या अंतरंगात एक निराळी घडामोड झाली होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला; त्यातले सिद्धान्त तपासले, काही मानले, काही नाकारले; पण ज्याच्या नावाने तो धर्म चालतो त्याच्याशी आपला संबंध अद्याप जडलेला नाही. वादात जिंकून हे अंतर भरून निघण्यासारखे नव्हते. आपण जशा आहोत तशा, रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे उभे राहावे, असे त्यांनी ठरवले. तिरुपतीपर्यंत जी उपासना चालली तिच्यात देवाला सतत काही ना काही द्यायचे होते. येथे द्यायला काही नव्हते. शंकेने पोखरलेल्या त्यांच्या मनाला पहिला विसावा येथे मिळाला असे त्या सांगतात.

याचा अर्थ पुढे सर्व सुरळीत झाले असा नाही. १८९६ च्या सुमारास लोणावळ्याच्या एका शिबिरात त्यांनी हिशेब मांडला. सदनातील पंधरा मुली श्रद्धेने त्यांच्या बाजूला होत्या. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली आपल्याला मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. केली खरी, आणि लगेच मनाने टोकले: जागा कोठे आहे? अमेरिकेचे पैसे मोजके, तेही ठरावीक मुलींपुरते. ही मागणी हास्यास्पद आहे, असे त्यांचे त्यांनाच वाटले. तरी तो आकडा त्यांनी मागे घेतला नाही.

त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रायचूरची ती भाकरी डोळ्यांपुढे उभी राहिली नसती तरच नवल. तरीही त्या ताबडतोब निघाल्या नाहीत. आपण एक साधी बाई, आपल्या गाठीला काय आहे, हा विचार त्यांना दिवसचे दिवस मागे ओढत होता. अखेरीस त्या गेल्या. सरकारी मदतछावण्या आणि अनाथगृहे त्यांनी पाहिली. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि त्या मुलींवर टपून बसलेले लोकही पाहिले. त्या मुली घेऊन परतल्या तर पुण्यात प्लेगचे थैमान, आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई. तेव्हा केडगावची जमीन कामी आली. संत्री, लिंबे यांच्या उत्पन्नावर सदन चालावे म्हणून घेतलेले सुमारे शंभर एकरांचे ते रान. तंबू, झोपड्या, तात्पुरते निवारे उभे राहिले. १८९७ साल संपेपर्यंत मुलींची संख्या दोनशे पंचवीसच्या पुढे गेलेली होती. लोणावळ्याच्या प्रार्थनेचे उत्तर आले ते असे: उवा, खरूज, ताप आणि उपासमारीने बिघडलेली मने घेऊन.

या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले. अमेरिकेतील मंडळींची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील शेकडो मुली आल्या आणि मुक्तीचा परिवार दोन हजारांच्या आसपास गेला. एवढ्यांचे रोजचे जेवण ही काही काव्यातली गोष्ट नव्हे. उद्याच्या धान्याची तजवीज नाही, अशा रात्री येत. रमाबाई त्या वेळी प्रार्थना करीत. आणि सकाळी उठून विहिरीचे खोदकाम, गुरांचा चारा, मागावरचे सूत यांची पाहणी करीत. मुक्तीत शेती होती, गोठा होता, विणकाम, तेलाची घाणी, धुलाई, छापखाना होता. शास्त्रीबुवांच्या घराला जे माहीत नव्हते ते, म्हणजे हाताने काम करून पोट भरणे, येथे प्रत्येक मुलीला शिकवले जाई. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. मनोरमेने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती; मुक्तीतील अंध मुली त्यामुळे बोटांनी वाचू लागल्या.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक उधाण आले. शेकडो मुली मोठ्याने रडत, ओरडत, एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांना तो उन्माद वाटला. हिंदुस्थानातील मुलींनी आपल्या स्वभावाप्रमाणे देवाला हाक मारली तर ती इंग्रजी शिस्तीत बसवण्याचा आटापिटा का, अशी रमाबाईंची भूमिका होती. स्वतः त्या मात्र त्या गजरात शांतच असत. बहिरेपणा वाढत चालला होता, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. तेव्हाचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे मत. संस्कृतची पंडिता असलेल्या या विदुषीने मुद्दाम साधी, बोलीजवळची मराठी निवडली, आणि मूळ मजकुराशी इमान राखण्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषा शिकल्या. वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर कित्येक ठिकाणी रुक्ष झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. शब्दाला शब्द धरून चालण्याच्या हट्टाने वाक्ये अडखळतात. पण खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीच्याच मुली होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून निरक्षर आल्या होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची ती लेक मुक्तीचा अर्धा भार वाहत होती आणि आईच्या पश्चात सर्व तिच्याच हाती जायचे होते. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता लेक. तिरुपतीच्या रानातला प्रश्न या वयात पुन्हा उभा राहिला असेल, तर तो कोणाला दिसला नाही. रमाबाईंनी मुक्तीची पुढची व्यवस्था लावली आणि मुद्रिते तपासायला बसल्या.

१९२२ च्या वसंतात त्या आजारी पडल्या. शेवटची मुद्रिते अद्याप हातावेगळी झाली नव्हती. ती पूर्ण होईपर्यंत दहा दिवस मिळावेत, अशी त्यांनी प्रार्थना केली, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटेच्या झोपेत त्यांची प्राणज्योत मालवली, तेव्हा तपासलेले कागद बाजूला ठेवलेले होते. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.